दुसऱ्याचा ब्रेक

तो आधी आरशात दिसतो. भर दुपारी लावलेले दोन प्रखर दिवे. सुरुवातीला दूर, मग एकदम जवळ, मग इतके जवळ की त्या गाडीची नंबरप्लेटही आरशात मावत नाही. अप्पर-डिपर सुरू होतं. मी सळयांनी भरलेल्या एका ट्रकला ओलांडत असते, माझ्या पुढे एसटी असते, आणि ट्रक मागे पडला की मी डावीकडे होणारच असते. फार तर अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. त्यालाही हे माझ्याइतकंच स्पष्ट दिसत असतं. तरी दिवे थांबत नाहीत. मग तो डावीकडे झटका देतो, ट्रकच्या मागे जातो, वेग वाढवतो आणि ट्रकचं मागचं फळकं नि माझं बॉनेट यांच्यात उरलेल्या फटीतून तिरका होऊन माझ्यासमोर येतो. माझा पाय ब्रेकवर. माझ्या मागच्या गाडीचाही, कारण तिच्या टायरांची किंचाळी मला ऐकू येते. पुढच्याच क्षणी तो एसटीला तसाच कट मारून दिसेनासा होतो. शेजारच्या सीटवर बसलेल्या आईच्या मांडीवरचा डबा खाली पडलेला असतो आणि तिचा हात माझ्या दंडावर घट्ट बसलेला असतो.

हे सारोळ्याजवळ घडलं, नीरेच्या पुलाच्या अलीकडे. पण ते खेड-शिवापूरला घडू शकतं, कापूरहोळला, शिरवळला, भुईंजला, कुठेही. माझं माहेर साताऱ्याचं आणि संसार पुण्यात. त्यामुळे हा रस्ता वर्षानुवर्षं माझ्या पायाखालचा. त्याचे चढ-उतार, फाटे, पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागा मला ठाऊक आहेत. बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्यांची ओळखही मला याच रस्त्याने करून दिली.

त्या दोन-तीन सेकंदांत नेमकं काय घडलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ताशी 100 किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर कापते. समोर काहीतरी आलं हे डोळ्यांना दिसणं, मेंदूला कळणं आणि पाय ब्रेकवर पडणं यातच एखादा सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी 28 मीटर पुढे गेलेली असते. त्या गाडीत आणि माझ्यात एवढं अंतर मुळी नव्हतंच. तो आत शिरला तेव्हा त्याला हवी असलेली जागा रस्त्यावर नव्हती. ती मी ब्रेक दाबून तयार केली. माझ्यासाठी मागच्या गाडीने केली, तिच्यासाठी तिच्या मागच्याने. त्याने फक्त स्टिअरिंग फिरवलं. उरलेलं सगळं काम आम्ही अनोळखी माणसांनी केलं. आमच्यापैकी एकजण जरी त्या क्षणी फोनकडे बघत असता, दमलेला असता, किंवा एकाच्याही गाडीचे ब्रेक थोडे सैल असते, तर त्याचं ते कौशल्य नीरेच्या पुलावर विखुरलं असतं.

त्याला हे कधीच कळत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर मोकळा रस्ता असतो, त्याच्यासाठी दाबलेले सगळे ब्रेक त्याच्या पाठीमागे लागतात. तो घरी पोहोचतो आणि आपला हात गाडीवर किती छान बसलाय हे त्याला पुन्हा एकदा पटतं. अशा शंभर वेळा वाचल्यावर त्याची खात्रीच होते. सावध चालवणाऱ्यांच्या जिवावर तो बेदरकार राहू शकतो, हे त्याला सांगणारं त्या रस्त्यावर कोणी नसतं. मला तर वाटतं, बेदरकारपणाचं सगळं बळ याच न कळण्यात आहे.

आनेवाडीच्या टोलनाक्यावर तीच गाडी आमच्या पुढे दोनच गाड्या सोडून उभी होती. खंबाटकीचा घाट चढताना तिलाही ट्रकांच्या रांगांमागे थांबावं लागलं असणार. पुणे ते सातारा साधारण 110 किलोमीटर. सरासरी 80 ठेवली तर 82 मिनिटं लागतात, 100 ठेवली तर 66. सगळा रस्ता मोकळा मिळाला तर 16 मिनिटांची कमाई. मोकळा रस्ता मात्र कोणालाच मिळत नाही.

बाबांनी मला गाडी शिकवली तेव्हा हा रस्ता दोन पदरी होता आणि त्याला राष्ट्रीय महामार्ग 4 म्हणत. पुढे सुवर्ण चतुर्भुज योजनेत तो चौपदरी झाला, मग सहापदरीकरण निघालं, क्रमांकही बदलून 48 झाला. त्या दोन पदरी रस्त्यावर ओलांडून जाणं ही दोघांनी मिळून करायची गोष्ट होती. पुढच्या ट्रकला हॉर्न द्यायचा आणि वाट बघायची. वळणापलीकडचं त्याला दिसायचं, आपल्याला त्याच्या फळक्यापलीकडचं काही दिसायचं नाही. समोरून कोणी येत असेल तर खिडकीतून त्याचा हात बाहेर यायचा आणि तळवा खाली करून थांब म्हणायचा. रस्ता मोकळा झाला की तोच हात पुढे ये म्हणून हलायचा, ट्रक डाव्या साइडपट्टीवर थोडा उतरायचा, आणि बाबा गाडी काढायचे. काढताना त्याच्याकडे बघून हात वर करायचे. रात्री समोरून गाडी आली की दोन्हीकडचे दिवे डिपर होत. ज्याने केला नाही त्याला बाबा गाडी चालवता चालवता मोठ्याने बोलत, जणू त्याला ऐकू जाणार होतं.

लहानपणी मला या हाताचं फार आश्चर्य वाटायचं. त्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. तो पंजाबचा की तमिळनाडूचा ते माहीत नव्हतं. तो पुन्हा आयुष्यात भेटणार नव्हता. तरीही त्याने हात हलवला की बाबा आम्हा चौघांचा जीव त्या हातावर सोपवायचे. आणि तोही, टनावारी माल, उतारावरचं वळण, दिवसभराचा शीण हे सगळं सांभाळून मागच्या अनोळखी कुटुंबासाठी पुढचा रस्ता बघायचा.

तो रस्ता चांगला होता असं मी म्हणणार नाही. समोरासमोरच्या धडका तिथं होत होत्या, आणि कठड्याशी उलटून पडलेल्या ट्रकांचे सांगाडे मी लहानपणी इतके पाहिलेत की मला त्या रस्त्याची ओढ वाटत नाही. दुभाजक आले, पदर वाढले, बोगदा झाला, यामुळे असंख्य माणसं वाचली. मात्र पदर वाढल्यावर कोणाला कोणाची परवानगी लागेनाशी झाली. हात आत गेले, काचा वर गेल्या, एसी लागले. आता पुढच्या गाडीत कोण आहे हे पाहण्याची गरजच उरली नाही. रस्ता रुंद करताना त्या संमतीच्या जागी काय आणायचं, याचा विचार मात्र कोणी केला नाही. जी गोष्ट आणायला हवी होती ती होती लेनची शिस्त: डावी अवजड गाड्यांची, उजवी फक्त ओलांडण्यासाठी, ओलांडून झालं की पुन्हा डावीकडे. परवाना देताना आपण हे कोणाला शिकवत नाही. आठचा आकडा काढून दाखवला की माणूस ताशी 100 च्या रस्त्यावर जायला मोकळा.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आजही कायद्यात आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणं किती अवघड, हे ज्याने कधी पाहिलंय त्याला तो नियम सांगावा लागत नाही. जुन्या चालकांच्या तो अंगात होता. आता शनिवार-रविवारी वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीकडे जाऊन बघा. उतरणाऱ्या गाड्या वळणावर मधली रेघ सोडून तुमच्या बाजूला येतात आणि चढणाऱ्या एसटीला कडेला दाबून उभी करतात. एसटीचा चालक काही बोलत नाही. तो थांबतो, हँडब्रेक ओढतो, त्यांना जाऊ देतो आणि मग साठ माणसांची गाडी पुन्हा चढाला लावतो.

रस्त्यावरच्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणं मात्र मला जमत नाही.

शिरवळच्या एका चहाच्या टपरीवर रात्री एक पिकअपवाला भेटला होता. फलटणहून लोणंदमार्गे आलेला, मागे कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली रचलेल्या. या भाजीच्या पिकअप रात्री ज्या वेगाने जातात तो मला माहीत होता, म्हणून मी विचारलंच. तो चिडला नाही. "ताई, माल पहाटे मार्केट यार्डात लागला पायजे. उशीर झाला की हीच जुडी कुणी इचारत न्हाय. मालक मोबाइलवर बघतुय गाडी कुठं हाय ती. चहाला थांबलो तरी फोन येतुय." आणि खरंच फोन आला. त्याने तो कानाला लावला, "निघालोच" म्हणाला आणि अर्धा चहा टाकून उठला. झोप कधी घेता विचारलं, तर म्हणाला, "गाडी भरत्यात तवा."

या माणसाचा वेग त्याचा एकट्याचा नाही. त्यात त्याच्या मालकाचा वाटा आहे, अडत्याचा आहे, आणि सकाळी आठला ताजी कोथिंबीर हवी असलेल्या माझाही आहे. मी त्याला दोष देऊ शकत नाही, आणि तरीही तो माझ्या मागे आला की मला तितकीच भीती वाटते. त्याच्या गाडीखाली येणाऱ्याला त्याच्या अडचणीने काही फरक पडत नाही.

गळिताच्या हंगामात भुईंजच्या अलीकडे-पलीकडे ऊस भरलेले ट्रॅक्टर दिसतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटाखाली झाकलेला, आणि पुढे मोठ्या आवाजात गाणी, म्हणजे मागचा हॉर्न ऐकू जायला नको. कधी हा ट्रॅक्टर समोरून येतो, आपल्याच बाजूने, उलटा. शेत रस्त्याच्या अलीकडे, कारखाना पलीकडे आणि दुभाजक जिथं तुटतो ती जागा दोन-तीन किलोमीटर लांब. महामार्गाने त्याचं गाव मधोमध कापलं, तेव्हा बैलगाडीने, ट्रॅक्टरने, शाळेतल्या पोराने पलीकडे कसं जायचं याचं नीट उत्तर त्याला मिळालं नाही. उलटं येणं चूकच आहे, जीवघेणं आहे. पण त्याचा दोष मोजताना रस्ता आखणाऱ्यांचाही हिशोब मांडावा लागतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना मी अजूनही डावीकडे राहते, खिडकीची काच थोडी खाली ठेवते आणि मागे लक्ष ठेवते. तो उतार लांब आहे, सरळ आहे, फसवा आहे. साताऱ्याकडून दमून आलेला जड मालट्रक तिथं पोहोचतो आणि काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात. गिअरमध्ये असलेल्या गाडीला इंजिन धरून ठेवतं, चाकांना फार पळू देत नाही. गाडी न्यूट्रलला टाकली की तो सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून लायनर तापतात, तापल्यावर पकड सुटत जाते, आणि शेवटी पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. खाली शहराची वाहतूक उभी असते. दुचाकीवरून घरी निघालेली माणसं, सिग्नलची वाट बघणाऱ्या रिक्षा. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये असाच एक अवजड ट्रक त्या उतारावरून ओळीने अनेक गाड्यांना चिरडत गेला. आणि दुर्दैव हे की आजच्या इंजिनांत त्यातून डिझेल वाचतही नाही. नवी गाडी गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप बंद करते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. हे प्रत्येक मालकाने आपल्या चालकाला एकदा बसवून समजावलं असतं तर किती जीव वाचले असते!

या तिघांबद्दल मला राग येतो तसा कळवळाही येतो. माझ्या मनात सगळ्यात खोल राग आहे तो चौथ्याबद्दल. ज्याच्या मागे मालक लागलेला नाही, माल नासणार नाही, रस्ता तोडलेला नाही. सुट्टीला निघालेला, पोटभर जेवलेला, चांगल्या गाडीतला माणूस. त्याला कसलीच घाई नाही, आणि तोच सगळ्यात घाईत असतो.

बाई गाडी चालवतेय हे दिसलं की त्याचं वागणं आणखी बदलतं. मी त्याला ओलांडून गेले, अगदी नियमाने, उजवीकडून, इंडिकेटर देऊन, तरी दोन मिनिटांत तो मला पुन्हा ओलांडणार हे मी गृहीत धरते. ओलांडल्यावर वेग कमी करून माझ्यासमोर रेंगाळणार. कधी काच खाली करून बघून जाणार. गाडी चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे इतकं सवयीचं झालंय की त्या यावर बोलतही नाहीत. मला ते सवयीचं करून घ्यायचं नाही. यात खेळीमेळीचं काही नाही. रस्त्यावर एका माणसाला त्याची जागा दाखवण्यासाठी दीड टनाचं लोखंड वापरलं जातं, ही धमकी आहे.

असाच एक गृहस्थ मी नंतर सुरूर फाट्याजवळच्या हॉटेलात पाहिला. गाडी मी ओळखली, घाटाच्या पायथ्याशी त्याने मला दुभाजकाकडे दाबलं होतं. हॉटेलात तो एका म्हाताऱ्या बाईंना आधी आत जाऊ देण्यासाठी दार धरून उभा राहिला. वेटरला "दादा, जरा पाणी द्या" म्हणाला. मांडीवरच्या लेकीला गरम इडली फुंकून भरवली. मी बराच वेळ बघत राहिले. हा माणूस खोटा नव्हता. ते दार त्याने मनापासून धरलं होतं. मग तासाभरापूर्वी त्याला काय झालं होतं? मला वाटतं, त्याने मला पाहिलंच नव्हतं. त्याने एक पांढरी गाडी पाहिली होती, वाटेत आलेली. आत एक बाई आहे, तिच्या शेजारी तिची सत्तरीची आई आहे, तिला गुडघेदुखी आहे, ती घाबरते, हे त्याला दिसलं असतं तर त्याने तसं केलं नसतं. काचेच्या आडून आपल्याला माणसं दिसत नाहीत आणि आपणही कोणाला दिसत नाही. गर्दीच्या जिन्यावर कोणी कोणाला ढकलत पुढे जात नाही, कारण तिथं वळून बघणारा चेहरा असतो.

2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच हा आकडा. दिवसाला 460 हून अधिक. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, आणि या मृत्यूंपैकी 36 टक्के त्यांच्यावर. शंभरातले सुमारे 71 मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले. त्या खात्यात वेग कोणाचा होता आणि मेलं कोण, हे वेगळं लिहिलेलं नसतं.

मराठी माणसाला हे आकड्यांशिवायही ठाऊक आहे. अभिनेत्री भक्ती बर्वे फेब्रुवारी 2001 मध्ये वाईहून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेल्या. त्याच मार्गावर डिसेंबर 2012 मध्ये अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडशांचा लहानगा मुलगाही गेला. ते आपल्या बाजूने निघाले होते, दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोने त्यांना गाठलं. त्या रात्री महाराष्ट्रातल्या किती घरांत टीव्हीसमोर माणसं सुन्न बसली होती! आमच्या घरी बाबा रात्रभर जागे होते. नाटकवाली माणसं रात्री प्रयोग संपवून दुसऱ्या गावी निघतात, हे आपल्याला माहीत असतं. तेव्हापासून रात्री एखादी नाटकाची बस दिसली की मी तिच्या मागे अंतर राखून राहते.

खंबाटकीचा बोगदा पार करून पुण्याकडे उतरताना एक इंग्रजी एस अक्षरासारखं वळण लागतं. तिथं 2018 च्या एप्रिल महिन्यात कर्नाटकातून कामासाठी निघालेले मजूर गाडी उलटून मेले. बायका होत्या, कर्ती पोरं होती. 2023 च्या 1 जुलैला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी झोपेतच गेले. कारणांची चर्चा होत राहील. मला त्यात एकच गोष्ट सलते. मागे बसलेल्यांपैकी कोणाच्याही हातात स्टिअरिंग नव्हतं.

म्हणून मला आता चालवणाऱ्यापेक्षा शेजारी नि मागे बसलेल्यांशी बोलावंसं वाटतं. कायदा आहे. बेदरकार चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमाखाली गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं 106 कलम आहे. कॅमेरे आहेत. कॅमेरा दिसला की सगळे ब्रेक दाबतात आणि तो मागे पडला की पुन्हा वेग घेतात. कायदा त्या गाडीत बसलेला नसतो. गाडीत आपण असतो.

एकदा लग्नाला कोल्हापूरला निघालो होतो. मोठी गाडी, आम्ही सातजण, चालवत होते एक भावोजी. कऱ्हाड येईपर्यंत काटा 130 च्या खाली आला नव्हता. मागे आत्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसली होती, ओठ हलत होते, बहुधा रामरक्षा. काका खिडकीबाहेर बघत होते. जावयाला कसं सांगायचं? त्यातून गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, आपण पाहुणे. ताई हळूच म्हणाली, "अहो, जरा हळू घ्या ना." ते हसून म्हणाले, "तू बस गं निवांत. चालवतोय ना मी?" आणि वेग किंचित वाढला. पुन्हा कोणी काही बोललं नाही. मग कार्यालयात पोहोचल्यावर काय झालं? मुलीकडचे यजमान पुढे आले आणि पहिला प्रश्न हाच, "किती वेळ लागला?" भावोजींनी आकडा सांगितला. चारचौघांच्या भुवया उंचावल्या, कोणीतरी "वा!" म्हटलं. आत्याही हसली. त्या एका "वा" मध्ये परतीचा वेग ठरून गेला.

याच्या उलट मला आठवते ती एक एसटी, मेढ्याकडून साताऱ्याला येणारी. चालक तरुण होता, वळणांवर गाडी फेकत होता. चौथ्या सीटवर बसलेली नऊवारीतली एक आजी उठली, दांड्याला धरून पुढे गेली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आरं लेकरा, मानसं भरल्यात गाडीत, गवताच्या पेंढ्या न्हाईत. सावकास घे." बाकीच्यांनी लगेच साथ दिली. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली नाही, पण मान हलवली. चालकाने आरशात मागे पाहिलं. सगळे चेहरे त्याच्याकडे बघत होते. साताऱ्यापर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. आजीला कोणाचा मान राखायचा नव्हता आणि कोणाचं मन दुखवायचंही नव्हतं. तिला फक्त उतरायचं होतं, धडपणी.

मान राखण्याची आपली सवय मोलाची आहे, मला ती सोडायची नाही. पण जावई, साहेब, मोठा दीर, गाडी नव्याने घेतलेला मित्र यांचा मान ताशी 130 ला राखायचा नसतो. तो घरी पंगतीत राखता येतो. आणि शेजारच्या माणसाचा शब्द चालवणाऱ्याला लागतो, हे लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या अनोळखी गाडीत त्याला चेहरा दिसत नाही, तुमचा दिसतो.

तेव्हा एवढं करा. घरी येणाऱ्याला किती वेळ लागला हे विचारू नका, जेवलात का ते विचारा. जो चालवतोय त्याला "कुठपर्यंत आलात" म्हणून फोन करू नका, शेजारच्याला करा. तुमच्याकडे गाडीवर चालक असेल तर त्याला रात्रीची झोप द्या आणि सकाळी निघायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्या. ट्रॅव्हल्समध्ये पडदा लावून झोपण्याआधी बस कशी चाललीय ते पाच मिनिटं बघा, आणि पटलं नाही तर केबिनचं दार वाजवा. आणि गाडीत कोणीही असलं, कितीही मोठं असलं, तरी "हळू घ्या" हे पहिल्यांदा मनात येईल तेव्हाच मोठ्याने म्हणा. नाही ऐकलं तर पुढच्या फाट्यावर उतरा. स्वारगेट-सातारा एसटी दिवसभर धावत असते, हात दाखवला तर थांबतेही.